‘मुलगी सांगू शकत नाही’ हा शेरा बंद करा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव, धुळे आणि नंदुरबार
प्रत: तिन्ही जिल्ह्यांचे पोलीस अधीक्षक, जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, बालकल्याण समित्या, तसेच यावल, धुळे, नंदुरबार व तळोदा येथील आदिवासी प्रकल्प अधिकारी

सविनय नमस्कार.

हे पत्र एका वाक्याबद्दल आहे. ‘पीडिता मूकबधिर असल्याने तिचा जबाब नोंदवता आला नाही.’ मूकबधिरच्या जागी कधी मतिमंद असतं, कधी ‘बोलणे अस्पष्ट’ असतं. ओळ एकच, पण प्रकरण तिथेच मान टाकतं. आम्ही विशेष शिक्षक, सांकेतिक भाषेचे दुभाषे आणि अशी प्रकरणं न्यायालयात चालवणारे वकील आहोत. आमचं म्हणणं असं की या वाक्यात मुलीची माहिती काहीच नाही. तिचं बोलणं समजणाऱ्या माणसाला कोणी बोलावलं नाही, एवढीच कबुली त्यात आहे. आणि ते बोलावणं ही मेहेरबानी नाही.

कायदा तुम्हाला ठाऊक आहे, तरी कलमं एका जागी लिहून ठेवतो, कारण ठाण्यात ती एकत्र सापडत नाहीत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पॉक्सो. त्याचं कलम २६(३) सांगतं की मुलीला शारीरिक वा मानसिक अपंगत्व असेल तर विशेष शिक्षकाची किंवा तिच्या संवादाच्या पद्धतीशी परिचित व्यक्तीची मदत घ्यायची. न्यायालयात साक्ष होताना तीच तरतूद कलम ३८ मध्ये आहे. कलम २४ प्रमाणे जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा. मुलगी अठराच्या वरची असली तरी सुटका नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दिव्यांग स्त्रीची फिर्याद तिच्या घरी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर आणि चित्रीकरण करून नोंदवायची. कलम १८३ नुसार दंडाधिकाऱ्यांपुढचा तिचा असा जबाब खटल्यात सरतपास, म्हणजे मुख्य साक्ष, म्हणून धरला जातो, नंतर फक्त उलटतपासणी होते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. त्या दिवशी दुभाषी नसेल किंवा चुकीचा असेल, तर मुलीची अर्धी साक्ष कायमची बिघडली.

आता नोंदवही. पॉक्सो नियम २०२० च्या नियम ५ नुसार दुभाषी, भाषांतरकार, विशेष शिक्षक, तज्ज्ञ आणि सहायक व्यक्ती यांची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची आणि पोलिसांना व न्यायालयाला मागेल तेव्हा द्यायची. तुमच्याकडे ती असेलही. आमचा प्रश्न वेगळा आहे. शनिवारी रात्री साडेदहाला ठाणे अंमलदाराच्या हाताला ती लागते का? त्यातला फोन उचलला जातो का? नुसत्या ‘विशेष शिक्षक’ या शब्दाने काही कळत नाही. श्रवणदोषाचं प्रशिक्षण घेतलेला शिक्षक ऑटिझम असलेल्या मुलीपुढे जवळजवळ आपल्याइतकाच अनोळखी असतो. म्हणून प्रत्येक नावापुढे चार गोष्टी हव्यात: कोणत्या दिव्यांगत्वाचं प्रशिक्षण, कोणत्या बोली येतात, रात्री किती अंतरापर्यंत येऊ शकते, आणि सध्या कोणत्या संस्थेत नोकरी आहे. चौथा रकाना सहसा सुचत नाही. आरोपी त्याच संस्थेतला निघाला तर तिथलाच शिक्षक दुभाषी म्हणून बसवता येत नाही, आणि हे जबाब झाल्यावर लक्षात आलं तर बचाव पक्षाला आयतं कोलीत मिळतं.

बोलीचा रकाना खानदेशात तर पहिलाच हवा. अहिराणी, लेवा बोली, गुजर बोली, भिली, पावरी, मावची, गोरमाटी, तडवींची बोली. धडगाव-अक्कलकुव्याची मुलगी आणि रावेरची मुलगी एकमेकींशी बोलू लागल्या तर त्यांनाच दुभाषी लागेल. पॉक्सोचं कलम २६(२) भाषेच्या दुभाष्यासाठीच आहे. शहाद्याच्या बाजारात पावरी कानावर पडलेला हवालदार म्हणजे पावरीचा दुभाषी नव्हे. लाजेचे, शरीराचे आणि नात्याचे शब्द बाजारात शिकायला मिळत नाहीत. त्यातून मुलगी बौद्धिक अक्षमतेची असेल तर तिला फक्त घरातली बोली येते. शाळेतलं मराठी तिच्यासाठी परकंच असतं.

बहिऱ्या मुलीच्या जबाबात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. पहिली चूक आईलाच दुभाषी करण्याची. आई मुलीला समजते हे खरं, पण आई गाळते. जे सांगवत नाही ते गाळते, आणि आरोपी दीर-भाचा असेल तर आणखी गाळते. आई शेजारी असावी, पण धीर द्यायला. दुसरी चूक अशी, की सांकेतिक भाषा येणारा माणूस आला म्हणजे काम झालं असं समजणं. शाळेत गेलेल्या मुलीला भारतीय सांकेतिक भाषा येते. कधीच शाळेत न गेलेल्या मुलीला फक्त घरच्या खुणा येतात. तिथे दोन माणसं लागतात: एक स्वतः बहिरी, घरगुती खुणा उकलण्यात तरबेज व्यक्ती, आणि दुसरा ऐकू येणारा दुभाषी, जो पहिल्याचं बोलणं मराठीत आणतो. वेळ दुप्पट-तिप्पट लागतो. तासाभरात उरकलं असेल तर काहीतरी निसटलंच म्हणून समजा.

तिसरी चूक लिहिण्यातली. मुलीने मिशीला पीळ दिल्याची खूण केली, मग दुचाकीची मूठ फिरवल्याची. जबाबात लिहिलं जातं ‘आरोपी क्र. १ याने’. लिहायला हवं ते असं: ‘मुलीने उजव्या हाताने मिशी पिळल्याची व नंतर मोटारसायकलची मूठ फिरवल्याची खूण केली. दुभाष्याने अर्थ सांगितला: मोटारसायकलवाला, मिशी असलेला माणूस.’ तो माणूस म्हणजे अमुक, हे जोडण्याचं काम तपासाचं आहे. खूण जशीच्या तशी लिहिली की वर्षभराने न्यायालयात मुलगी ती पुन्हा तशीच करते आणि साक्ष जुळते. अर्थच लिहून टाकला तर जुळवायला काही उरत नाही.

चित्रीकरणही शिकावं लागतं. मोबाईल आडवा आणि तिपाईवर ठेवावा, हातात धरू नये. चौकटीत मुलगी डोक्यापासून कमरेपर्यंत दिसावी, हात बाहेर जाऊ नयेत, दुभाषीही त्याच चौकटीत किंवा दुसऱ्या मोबाईलमध्ये दिसावा. खिडकीकडे पाठ करून बसवलं तर चेहरा काळा येतो, आणि सांकेतिक भाषेत भुवया व मान हेच प्रश्न आणि नकार सांगतात. ओढणी हातांवर येणार नाही हे बघा. बॅटरी भरलेली असावी, कारण लोडशेडिंग जबाबासाठी थांबत नाही. मूळ फाईल व्हॉट्सअॅपवर फिरवू नये: दर्जा पडतो, गोपनीयता जाते, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र देताना मूळ फाईल कोणती यावरच गाडी अडते. ते प्रमाणपत्र फाईल कॉपी करतानाच तयार करावं. सहा महिन्यांनी कोणाच्या मोबाईलवर होतं हे कोणाला आठवत नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीची अडचण वेगळी. ती ‘हो’ म्हणते. तुम्ही काहीही विचारा, समोरचा मोठा माणूस खूश व्हावा म्हणून ‘हो’ म्हणते. म्हणून ‘त्याने हात लावला ना?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. ‘मग काय झालं?’ विचारायचं आणि गप्प बसायचं. तिला शब्द जुळवायला वेळ लागतो. मनात दहापर्यंत मोजलं तरी चालेल. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर आपलं पहिलं उत्तर चुकलं असं तिला वाटतं आणि ती उत्तर बदलते. मग दोन जबाबांत ‘तफावत’ निघते, जी मुळात विचारणाऱ्याने पेरलेली असते. तारीख, महिना, ‘किती वेळा’ यांत तिला अडकवू नका. कानबाई बसली होती का, आखाजीला बहीण माहेरी आली होती का, घरात कापूस वेचून आणलेला होता का, सारंगखेड्याची यात्रा झाली होती का, सातपुड्यात असेल तर भोंगऱ्या बाजाराच्या आधी की नंतर, असं विचारा. खानदेशातलं वर्ष असंच चालतं आणि मुलीला ते पक्कं ठाऊक असतं. शरीराचं चित्र किंवा बाहुली, तिने स्वतःच्या शब्दांत सांगून झाल्यावर, फक्त अवयवाचं नाव निश्चित करायला वापरावी. आधी दिली तर ती खेळू लागते, आणि मग बचाव पक्ष त्या खेळाचाच खटला करतो.

ठाण्याच्या मराठीबद्दलही बोललं पाहिजे. ‘सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले’ हे वाक्य अकरा वर्षांची कोणतीही मुलगी बोलत नाही, मग तिला दिव्यांगत्व असो वा नसो. ‘माले भ्याव वाटस’ म्हणाली असेल तर तेच लिहा, कंसात मराठी अर्थ द्या. उलटतपासणीत वकील विचारतोच, ‘लज्जा म्हणजे काय गं?’ मुलगी बघत राहते, आणि तिला पढवलेलं आहे असं नोंदीवर येतं.

अंध मुलीला ‘तू पाहिलंस का’ विचारून सोडून देतात. ती आवाजाने, चालीने, बिडी-तंबाखूच्या वासाने, हाताच्या स्पर्शाने ओळखते. आंध्र प्रदेशातल्या एका अंध तरुणीच्या खटल्यात तिने आवाजावरून पटवलेली ओळख सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी ग्राह्य धरली आणि दिव्यांग स्त्रीची साक्ष दुय्यम मानू नये असं स्पष्ट सांगितलं. सुरक्षा संहितेचं कलम ५४ तर ओळख पटवणारी व्यक्ती दिव्यांग असेल तेव्हा दंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, तिला सोयीच्या पद्धतीने आणि चित्रीकरणासह ओळख परेड घ्यायला सांगतं. आवाजाची परेड घ्यायची तर सगळ्यांनी तेच वाक्य, त्याच बोलीत म्हणायला हवं. एक जण अहिराणीत आणि बाकीचे पुणेरी मराठीत बोलले तर ती परेड कशाला म्हणायची?

वयाचा घोळ थोडक्यात. दिव्यांग प्रमाणपत्रावरचं वय पुरावा म्हणून चालत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ चा क्रम असा: शाळेचा किंवा दहावीचा दाखला, नाहीतर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. ‘मानसिक वय सहा’ असलेल्या तेवीस वर्षांच्या स्त्रीला पॉक्सो लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं आहे. पण म्हणून हात झटकू नयेत. दिव्यांग स्त्रीवरचा बलात्कार भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४(२) खाली किमान दहा वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आहे. पॉक्सोत, दिव्यांगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला असा अत्याचार कलम ५(ट) मध्ये येतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा वीस वर्षांची आहे. प्राथमिक माहिती अहवालात हे पोटकलम टाकायचं राहून जातं. कारण साधं आहे: दिव्यांगत्वाबद्दल कोणी विचारतच नाही.

रुग्णालय. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणणं बेकायदा आहे. पॉक्सोच्या कलम २७ नुसार गुन्हा नोंदलेला नसतानाही तपासणी होते आणि मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. घटनेनंतर नमुने घ्यायला साधारण ९६ तास मिळतात, एचआयव्हीच्या प्रतिबंधक औषधांसाठी ७२ तास. मोलगीहून नंदुरबारला पोहोचेपर्यंत यातले बरेच निघून जातात, म्हणून ग्रामीण रुग्णालयातच संच आणि औषधं हवीत. कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीचे पाय ओढून फाकवू नका. स्नायू आणखी आखडतात, वेदना होतात, आणि ‘मुलीने तपासणीस विरोध केला’ असा शेरा पडतो. डाव्या कुशीवर वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली की बहुतेक वेळा तपासणी होते. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवली आहे. तिचे जुने छापील फॉर्म अजून ड्रॉवरमध्ये असतील तर फाडून टाका.

अनेक प्रकरणं पाळी चुकल्यावरच, पाचव्या महिन्यात उघडकीला येतात. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार अत्याचारित, अल्पवयीन आणि दिव्यांग स्त्रीला २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे गेलं की उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जावं लागतं. मधले आठवडे कागदपत्रांत घालवू नयेत. गर्भपातानंतर डीएनएसाठीचा ऊतकाचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकला की डीएनए खराब होतो. तो सलाईनमध्ये, बर्फाच्या पेटीत, प्रयोगशाळेच्या सूचनेप्रमाणे लगेच पाठवायला हवा. एवढ्या एका बाटलीमुळे आरोपी सुटू शकतो. उलट टोकाची गोष्टही घडते: ‘पुढे त्रास नको’ म्हणून गर्भाशयच काढा असा आग्रह. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अक्षम मुलींवर पुण्यात अशा शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यावर देशभर गदारोळ उठला. गर्भाशय काढल्याने गर्भ राहत नाही, अत्याचार थांबत नाही. उलट तो कधी उघडकीला येणारच नाही याची सोय होते.

पण मुळात इतक्या मुलींना भाषाच का नसते? बहिरा मुलगा वसतिगृहात जातो, बहिरी मुलगी घरी धाकट्यांना सांभाळते, म्हणून. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. जिथे धडधाकट मुलीचीच ही गत, तिथे दिव्यांग मुलीच्या शिक्षणावर पैसा कोण घालणार? दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ चं कलम ३१ सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतं. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेतून दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये, दहा महिने, असा भत्ता आहे. तो मिळायला मुलीच्या नावाचं खातं आणि प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी बापाची दोन दिवसांची मजुरी बुडते. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबात अशी मुलगी एक तर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, एकटी राहते, नाहीतर गावी कोणाच्या तरी भरवशावर. तो ‘कोणीतरी’च पुढे आरोपी म्हणून समोर येतो. स्थलांतराच्या यादीत दिव्यांग मुलींचा वेगळा रकाना दिवाळीआधी भरून घेतला, तर निदान कोणत्या मुलीकडे कोणी जाऊन यायचं हे अंगणवाडीला आणि फिरत्या विशेष शिक्षकांना कळेल.

निवासी शाळा आणि आश्रमशाळांबाबत मागणी छोटी आहे. पॉक्सो नियम ३ नुसार कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने व्हायची असते, नोकरीला लागताना एकदाच नव्हे. स्वयंपाकी, रात्रीचा पहारेकरी आणि गाडीचा चालक यांचीही, कारण मुलगी त्यांच्या हाती एकटी पडते. तक्रारपेटी अंध मुलीला दिसत नाही आणि न लिहिता येणारीला उपयोगाची नाही. त्यापेक्षा संस्थेबाहेरच्या, सांकेतिक भाषा येणाऱ्या बाईने महिन्यातून एकदा मुलींशी, कर्मचारी नसताना, बोलावं. प्रकरण कळूनही न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला पॉक्सोच्या कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, हे मुख्याध्यापकांच्या बैठकीत तुमच्या तोंडून एकदा निघालं तरी फरक पडेल.

आणि बैठका. गावात रात्री पंच बसतात, रक्कम ठरते, ‘तिचं तसंही लग्न होणार नव्हतं’ असं बोललं जातं. पॉक्सोचा गुन्हा तडजोडीने मिटत नाही. कुटुंबाला वाळीत टाकण्याची धमकी दिली तर २०१७ पासून अमलात असलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लावता येतो. पोलीस पाटलांना दोन्ही गोष्टी लेखी कळवा.

पैशाचं न बोलता कोणी येणार नाही. दुभाषी पदरचं भाडं खर्चून तीन-तीन तारखांना येतात, आणि चौथ्या तारखेला येत नाहीत. त्यांचं मानधन बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०५ खालच्या निधीतून देता येतं. त्यासाठी बोलावणं फोनवर नव्हे, पत्राने हवं. पत्र नसेल तर देयक नाही. कुटुंबाच्या तातडीच्या खर्चासाठी बालकल्याण समितीने शिफारस केली की पॉक्सो नियम ८ नुसार आठवड्यात रक्कम द्यायची असते. अत्याचारपीडितांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेतली मदत दहा लाखांपर्यंत आहे, पण अठरा वर्षांवरच्या बौद्धिक अक्षम मुलीच्या खात्याला बँक पालकत्वाचं प्रमाणपत्र मागते. ते देणाऱ्या राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक स्तर समितीचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी महोदय, तुम्हीच आहात.

आमची विनंती एक चाचणी घेण्याची आहे. कोणत्याही एका रात्री, आधी न कळवता, तुमच्या जिल्ह्यातलं सगळ्यात लांबचं पोलीस ठाणं निवडा. ठाणे अंमलदाराला फोन करून विचारा: मुलगी तेरा वर्षांची, बहिरी, शाळेत कधी गेलेली नाही, घरची बोली पावरी. कोणाला बोलावणार? नाव आणि नंबर यायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. मग त्या नंबरवर स्वतः फोन लावा.

आमच्यातले जे नोंदवहीत नाव द्यायला तयार आहेत त्यांचे अर्ज प्रशिक्षणाच्या दाखल्यांसह, बोली आणि अंतराच्या रकान्यांसकट, तिन्ही जिल्हा बाल संरक्षण कक्षांत आणून देत आहोत. अर्जाची पोच द्यावी.

आपले,
खानदेशातील काही विशेष शिक्षक, सांकेतिक भाषेचे दुभाषे व वकील